सूर्यभान एकतीस, गफ्फार तीस

निळा कोट, खांद्यात चार बोटं मोठा.

कावीळ. उसाचा रस, मुळ्याची पानं, बिनतेलाचं वरण.

काळा ग्रॅनाइट, चार फूट बाय अडीच, पॉलिश केलेला, कोरा.

वाळवीनं दोनशे बारा गाणी खाल्ली आणि पुठ्ठा तेवढा ठेवला.

हळदीच्या डीजेवर एकच मुखडा सतरा वेळा. अंतऱ्याची पाळी यायच्या आत नवरदेवाचा मामा दुसरं गाणं लावायला सांगतो.

अमरावती ते अकोला, साधी गाडी, हाफ तिकीट.

सूर्यभान ३१, गफ्फार ३०.

*

शेवटचा आकडा क्रिकेटचा नाही, पण भांडणं क्रिकेटपेक्षा जास्त झालेली आहेत.

अमरावतीचे सूर्यभान आणि अकोल्याचे अब्दुल गफ्फार. दोघंही स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायचे आणि स्वतःच गायचे. वीस-बावीस वर्षं वऱ्हाडानं त्यांना समोरासमोर बसवून ऐकलं. दोन टोकांना दोन मंच, मध्ये सतरंज्या, सतरंज्यांवर माणसं. एकानं गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जवाब द्यायचा, आणि शेवटी कोणाचं गाणं भारी पडलं ते पब्लिकनं ठरवायचं. पोस्टरवर ‘जंगी सामना’ असं छापलेलं असे आणि खाली दोघांचे फोटो, एकमेकांना खाऊ की गिळू अशा नजरेनं बघणारे. प्रत्यक्षात गफ्फारांचा फोटो रेशन कार्डासाठी काढलेला होता आणि सूर्यभानांचा स्वतःच्या लग्नातला.

गफ्फार २००३ साली गेले, सूर्यभान २००९ साली. सामना थांबला नाही. तो व्हॉट्सॲपवर गेला.

ग्रुपचं नाव ‘जंगी सामना (फक्त अभ्यासू)’. मेंबर एकशे त्रेचाळीस, अभ्यासू चार. ॲडमिन देवमन, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, सूर्यभानांच्या बाजूचे. त्यांच्यासमोर अकोल्याचे नत्थुजी, गफ्फारांच्या बाजूचे. दोघांनी तीन वर्षं खपून एक तक्ता केला होता. कोणाचं किती उरलं, याचा.

चौक: सूर्यभान एक, गफ्फार शून्य.

रस्ता: गफ्फार एक. (देवमन: दोनशे फुटांचा आहे, त्यात नाली धरली.)

कॅसेटी: सूर्यभान चार, गफ्फार सात. (देवमन: सातातल्या दोन घासलेल्या.)

पीएच.डी.: दोघांवर मिळून अर्धी. करणारा मध्येच तलाठ्याची परीक्षा पास झाला.

जिंकलेले सामने: सूर्यभान एकतीस, गफ्फार तीस.

मोजणीचा नियम एकच होता आणि त्यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. ज्याचं नाव शेवटच्या अंतऱ्यात, गाणं त्याचं. ‘सूर्यभान म्हणे’ असलं की अमरावतीचं, ‘कहे गफ्फार’ असलं की अकोल्याचं. या नियमावर कोणी कधी शंका घेतली नाही. गाणाऱ्यानं आपलं नाव गाण्यात टाकायचं ही रीत त्यांच्या आज्यापणज्यापासूनची, आणि सातबाऱ्यावरच्या नावाइतकी पक्की.

तो एकतिसावा, म्हणजे वरचा एक, धामणगाव रेल्वेचा होता. साल १९८३.

*

ललिता सूर्यभानांची मुलगी. वय अठ्ठेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, चौथीचा वर्ग. पण वऱ्हाडात याच्याही आधी तिची दुसरीच ओळख सांगतात. स्टेजवर तिला बोलावताना कोणी ‘ललिताबाई’ म्हणून थांबत नाही. ‘आणि आता, गाण्यातली लेक’ असं म्हणतात. मग टाळ्या.

कारण धामणगावला जिंकलेलं गाणं:

लेक निघाली शाळेले, पाटी घेतली काखेले,
सांगा कोनी वाऱ्याले, हळू चाल बा वाटेले.

त्याच साली जूनमध्ये सहा वर्षांची ललिता शाळेत गेली होती. लेक कोण, हे शोधायला पीएच.डी. लागत नव्हती.

त्या वर्षी बाबांना कावीळ झाली होती. दोनदा उलटली. जूनमध्ये तीन आठवडे दवाखाना, पुढे दिवाळीपर्यंत खाट. तशा आजारातून उठून, निळा कोट चढवून त्यांनी धामणगाव जिंकलं, अशी ती कथा होती आणि दर वर्षी त्यात कावीळ थोडी वाढायची. ललिताही भाषणात सांगायची की आजारी बाबांनीच तिला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं. तिला स्वतःला आठवायची ती फक्त एक करंगळी, धरलेली, आणि आपली पाटी दुसऱ्याच कोणाच्या काखेत.

सूर्यभानांना मात्र या गाण्याचं वावडं होतं. घरी त्यांनी ते कधी म्हटलं नाही. सत्कारात कोणी फर्माईश केली की म्हणायचे, “ते गाणं माह्यं नाई.” लोक उठून टाळ्या वाजवायचे. एवढा मोठा माणूस आणि किती नम्र.

*

आता अमरावतीत, सूर्यभानांच्या वस्तीत वाचनालय बांधून झालं होतं. उद्घाटन चौदा एप्रिलला. दर्शनी भिंतीवर ग्रॅनाइट लागणार आणि त्यावर त्या गाण्याच्या चार ओळी: दोन मुखड्याच्या, दोन शेवटच्या अंतऱ्याच्या, म्हणजे ज्यात नाव आहे त्या. खाली पाचवी ओळ रचनाकाराची. हा ठराव देवमननी मांडला, सगळ्यांनी हात वर केले, आणि मग लक्षात आलं की शेवटचा अंतरा कोणालाच धड येत नाही. कॅसेटची बाजू त्याआधीच संपते. डीजेवर तिथपर्यंत कोणी पोचत नाही. सूर्यभानांच्या वहीचा पुठ्ठा राहिला होता, त्याचा उपयोग नव्हता.

ते गाणं पुरं सापडण्याची एकच जागा उरली होती. गफ्फारांचं घर.

यात नवल काही नाही. जवाब द्यायचा तर समोरच्याची गाणी तोंडपाठ पाहिजेत, म्हणून दोघंही एकमेकांची गाणी उतरवून ठेवायचे. सूर्यभानांच्या वहीत गफ्फार होते, ते वाळवीनं खाल्ले. गफ्फारांच्या वहीत सूर्यभान होते, ते अकोल्यात पत्र्याच्या पेटीत सुखरूप होते.

रविवारी सकाळी नऊला बस सुटली आणि देवमनचा फोन आला.

“जय भीम, ललिताबाई. बसल्या का?”

“जय भीम. बसली, खिडकीजवळ.”

“उन्हाची बाजू हाय ते. पलीकडं सरका, बडनेऱ्यापासून चटके लागतात. अन् पाहा, अंतरा बराबर उतरवून आना. त्याहिच्याकडं जास्त बसू नका.”

“काहून?”

“चहा पाजू पाजू मानूस ढिला करतात ते अकोल्याचे.”

पाठोपाठ पिंकीचा मेसेज. पिंकी नांदगाव पेठजवळच्या दगडाच्या कारखान्यात कोरायचं मशीन चालवते. ‘मॅडम चौदा तारखेच्या आधी मशीन फक्त आज दुपारी खाली आहे. सगळ्या जिल्ह्याच्या पाट्या माझ्याकडंच. ४ पर्यंत मॅटर टाका नाहीतर पेंट करून घ्या.’

पेंट. ललिताला ते पिवळ्या रंगातलं, दोन पावसाळ्यांत उडणारं नाव डोळ्यांसमोर आलं. तिनं टाइप केलं, ‘टाकते.’

*

फरजाना, गफ्फारांची धाकटी मुलगी, ललितापेक्षा वर्षानं लहान. खाली ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान, वर घर. दोघी लहानपणी मंचामागं एका गोधडीवर झोपलेल्या, त्यानंतर थेट आज. त्यामुळे सुरुवात जरा अवघडच झाली.

“या ना, तुमी उभ्या काहून?”

“नाही, तुमचं काम चाललंय.”

“रविवारी कायचं काम. हे तं बाया उगाच टाकून जातात, अन् सोमवारी पायजे म्हनतात.” फरजानानं खुर्चीवरचे तीन ब्लाउज उचलले. “बसा. चहा घेता ना?”

“अर्धा.”

“आमच्याकडं अर्धा नसते.”

पहिला चहा झाला. दुसरा आला तेव्हा ‘तुमी’चं ‘तू’ झालं होतं. तिसऱ्याला फरजानानं पेटी काढली.

वही जाड होती, लाल कापडी बांधणीची. उजवीकडून उघडणारी. आत सगळं उर्दूत, मराठी गाणीसुद्धा.

“अब्बाले देवनागरी वाचता ये, पन हात उर्दूचाच होता. सहीपन उर्दूत. पाह्य.” तिनं पानाच्या तळाशी बोट ठेवलं. एक लांब वळसा, दोन्ही टोकं वर उचललेली, पोटात एक टिंब. नदीत सोडलेल्या नावेसारखी सही. “बँकेत हेच, पोस्टात हेच. मॅनेजर म्हने, बाबा, हे सही हाय का चित्र?”

फरजाना पानं उलटत वाचू लागली. “हे तुह्या बाबाचं... हे बी... हे पाह्य, हे मूर्तिजापूरले म्हटलं होतं, ह्याच्यावर अब्बाले जवाबच नाई सुचला, तीन दिवस जेवले नाई.” सूर्यभानांची गाणी एकामागून एक निघत होती, नीटस, सरळ ओळींत, एकही शब्द इकडचा तिकडं नाही. ललिताला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि तरी भरून येत होतं. बाबा शिल्लक होते. दुसऱ्याच्या अक्षरात का असेना, शिल्लक होते.

“हं. सापडलं. लेक निघाली शाळेले.” फरजानानं पान तिच्याकडं वळवलं आणि शेवटच्या दोन ओळींवरून बोट फिरवत सावकाश वाचलं:

सूर्यभान म्हणे मायबाप हो, काय ठेवू मी मागले?
लेकीच्या पाटीवर दोन अक्षरं, तेवढंच पुरे नावाले.

ललितानं लिहून घेतलं आणि मुखड्यासकट चारही ओळी पिंकीला पाठवल्या. नाव होतं. नियमाप्रमाणे काम झालं होतं. दीड वाजला होता. अडीचची बस मिळाली असती.

पण तिची नजर त्या पानावरून हलेना.

पंचवीस वर्षं चौथीच्या वह्या तपासलेल्या बाईला लिपी यावी लागत नाही. शेजारच्याचं बघून उतरवलेलं पान कसं दिसतं आणि स्वतः डोकं खाजवून लिहिलेलं कसं दिसतं, हे तिला दारातून कळतं. उतरवलेल्या पानाला घाई असते, खाडाखोड नसते. आधीची सगळी पानं तशी होती. या पानावर मात्र तिसरी ओळ पाचदा खोडलेली होती. एक शब्द वर्तुळात घेऊन बाणानं वर नेला होता, पुन्हा खाली आणला होता. समासात मात्रा मोजल्याच्या रेघोट्या होत्या, चार-चारच्या. शेवटच्या ओळीत एक जागा कोरी सोडून नंतर वेगळ्या शाईनं भरली होती.

ती गप्प बसू शकली असती. फरजाना वही मिटायलाच निघाली होती.

“हे उतरवलेलं नाही,” ललिता म्हणाली.

“आं?”

“ही खोडलेली ओळ वाच बरं. कोणतीही.”

फरजानानं चष्मा लावला. “‘सूर्यभान म्हणे गाववाल्यांनो...’ मंग खोडलं. ‘सूर्यभान म्हणे ऐका सज्जनहो...’ हे बी खोडलं.” ती थांबली. वही खाली ठेवली. मग शिलाई मशीनकडं बघत म्हणाली, “म्हंजे अम्मी खरं सांगे.”

“काय सांगे?”

“आमाले वाटे, म्हातारी रंगवून सांगते.”

*

अम्मी काय सांगायची:

धामणगावची तारीख ठरलेली, पोस्टर लागलेले, आणि सूर्यभान खाटेवर, डोळे हळदीसारखे. सामना रद्द करायचा म्हणजे गाण्याच्या पार्टीतल्या नऊ जणांची बिदागी बुडवायची. गफ्फार म्हणाले, रद्द कशाला, दोन्हीकडून मी गातो. सूर्यभानांनी आपला निळा कोट पाठवला. गफ्फार काडीसारखे, कोट खांद्यात चार बोटं मोठा झाला. आपल्या मंचावर टोपी घालून सवाल टाकायचा, टोपी काढून, कोट चढवून, सतरंज्यांमधून वाट काढत पलीकडच्या मंचावर जायचं आणि सूर्यभानच्या वतीनं जवाब द्यायचा. पुढं बसलेल्यांना सगळं ठाऊक होतं, ते पोट धरून हसत होते. मागं बसलेल्यांना कोट दिसत होता.

आणि त्या हंगामात लिहिलेलं सगळ्यात भारी गाणं गफ्फारांनी टोपीसाठी ठेवलं नाही. कोटाला दिलं.

पब्लिकनं सूर्यभानला विजयी केलं.

“अम्मी लय चिडली होती,” फरजाना म्हणाली. “म्हने, हरायचंच होतं तं दुसऱ्याशी हरायचं, सोताशी काहून हरले? तसेबी त्या वर्षी अब्बा उठसूट अमरावतीले जात. जून महिना तं तिकडंच. घरी आले की अम्मी विचारे, आले का पाव्हने?”

ललिता हसली.

“म्हणजे गाण्यातली लेक तू,” ती म्हणाली. “बाप तुझा, तर लेकही तूच.”

“मी? मले तं पंच्याऐंशीत टाकलं शाळेत. त्र्याऐंशीत मी बकरीमांगं होती.” फरजानानं दाताखाली दोरा तोडला, कधी सुई हातात घेतली होती ते तिलाही कळलं नसेल. “आमच्यात तवा पोरीले कोन एवढ्या लवकर टाके. अब्बानंच मंग हट्ट धरला.”

“मग लेक कोण?”

“गान्यातली लेक हाय बाई. असंन कोनाची बी. तूच ऱ्हाय. मले भाषनं देता येत नाईत.”

ललितानं चहाची बशी सरळ केली, होती त्यापेक्षा वाकडी. चाळीस वर्षं ती ज्या ओळखीनं स्टेजवर चढली, ती कोणाची हे आता सांगायला कोणी उरलं नव्हतं.

पिंकीचा मेसेज: ‘मॅडम ४ ओळी आल्या. छान आहेत. ५ वी ओळ? रचना कोण?’

तीन वाजून दहा मिनिटं.

*

ललितानं देवमनला फोन लावून हकीकत सांगितली. पुढचं सगळं गाण्यात नव्हतं, तरी सामनाच होता.

सवाल: “मंग धामनगाव जिंकलं कोन?”

जवाब: “गफ्फारकाका.”

सवाल: “हरलं कोन?”

जवाब: “तेच.”

सवाल: “ललिताबाई, चहा किती झाले?”

जवाब: “चार. त्याचा काही संबंध नाही.”

सवाल: “अवो, वस्ती आपली, वाचनालय आपलं, दगड आपला. शेवटच्या अंतऱ्यात नाव आपल्या मानसाचं चोख लिवेल हाय. तुमाले त्या वहीतलं वाचता येत नाई. त्याहिले आजवर काई म्हनायचं नव्हतं. काहून खाजवून खरूज करता?”

ललितानं फरजानाकडं पाहिलं. फरजाना मुद्दाम काज करण्यात गुंतली होती, पण सुई हलत नव्हती.

जवाब: “देवमनभाऊ, पंचाहत्तरीच्या सत्कारात तुम्ही बाबांना हार घातला होता. आठवते का ते काय बोलले?”

“आठवते ना. म्हने, हे गानं माह्यं नाई. केवढा विनय.”

“अन् आपण काय केलं?”



“टाळ्या वाजोल्या,” देवमन म्हणाले.

“जन्मभर तो माणूस खरं सांगत होता. आपण त्याला बोलू दिलं नाही. आता निदान दगडावर तरी त्याचं ऐकू.”

“पन मंग सूर्यभानचं राह्यलं काय?”

 ललितानं वहीकडं बघितलं. लाल बांधणीत बाबांची गाणी नीटस ओळींत झोपलेली होती, समोरच्यानं एकही शब्द न चुकवता जपलेली.

“दोनशे बारातली किती आहेत, मोजावं लागेल. पुढच्या रविवारी परत येणार आहे मी. फरजाना वाचेल, मी लिहीन.”

“अन् स्कोअर? ग्रुपवर काय टाकू?”

“जे झालं ते टाका.”

“नत्थुजी नाचंन.”

“नाचू द्या.”

तिनं फोन ठेवला आणि पिंकीला लिहिलं. एकदा खोडलं. दुसऱ्यांदा खोडलं. तिसऱ्यांदा जमलं:

‘रचना: अब्दुल गफ्फार, अकोला. मित्र सूर्यभान यांच्या नावानं.’

तीन वाजून एकावन्न मिनिटं. पिंकीनं अंगठा पाठवला. मग लगेच: ‘मॅडम लांब आहे. फॉन्ट बारीक करू?’

‘चारही ओळींचा कर,’ ललितानं कळवलं. ‘पाचवीचा नको.’

देवमननी ग्रुपवर सगळं खरंखरं लिहिलं, कंडक्टरच्या भाषेत, एका परिच्छेदात.  मग नत्थुजींचा मेसेज आला. ते नाचले नाहीत. ‘सोताशी हरलेला सामना मोजाचा कसा? नियम काय म्हणतो?’ देवमननी उत्तर दिलं, ‘नियमाचेच वांधे झाले आहेत.’ त्यानंतर एकसष्ट सामन्यांची मोजणी पहिल्यापासून करायचं ठरलं आणि त्यावरून भांडण लागलं. म्हणजे सगळं ठीक होतं.

फरजाना जिन्यापर्यंत पोचवायला आली. “पाचवा राह्यला ना,” ती म्हणाली. ललितानं पर्स खांद्यावरून उतरवली आणि परत बसली. साडेपाचची बस होतीच.

“चौदाला येशील?” तिनं विचारलं. “स्टेजवर कोण म्हणून बोलावतील आपल्याला, देव जाणे.”

“ब्लाउजवाली म्हनून बोलाव मले. तुले?”

“चौथीची बाई.”

“मंग जमलं,” फरजाना म्हणाली आणि गॅस पेटवला.

*

ललिताच्या पहिल्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरात, २७ जून १९८३, सोमवार, या तारखेला तिच्या नावापुढं पालकाच्या सहीच्या रकान्यात उर्दू सही आहे, नावेसारखी, पोटात एक टिंब.